टकळीचा पत्ता

— हे बघा, जावई असा नाहीतर गिऱ्हाईक असा, माझ्या काउंटरवर फोन असा उताणा टाकायचा नाही. शाई सांडते इथं, आणि निळी शाई एकदा फटीत शिरली की बाहेर येत नाही, मग मला सांगू नका. तिकडे सरकवा, पॅडांच्या पलीकडे. हां. आणि तुम्ही काय म्हणालात ते कळलं मला, बहिरा नाही मी — अकराला तिचा फोन येणार, सव्वाअकराला तिला आत नेणार, घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढणार, आणि उद्यापासून माझी मुलगी बोलणार नाही. बोलू शकणार नाही — बरं, बोलू शकणार नाही, तेच ते. म्हणून आज बापाशी दोन शब्द. आणि फोन तुम्ही उचलायचा नाही, बाबांनीच उचलायचा, असं तिनं तुम्हाला बजावून पाठवलंय. माझीच लेक! तीन वर्षं तोंड दाखवलं नाही, पण हुकूम सोडायची खोड गेलेली नाही. किती वाजलेत? दहा वीस. म्हणजे अजून चाळीस मिनिटं आहेत. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो, ह्या खुर्चीवर बसा.

माझे हात चालू राहतील, राग मानू नका, हा शिक्का आज द्यायचाय. दातांच्या डॉक्टरांचा आहे, त्यांच्या दवाखान्यातल्या बाई येतील न्यायला. आता हे बघा काय लिहून दिलंय — नाव, पदवी, फोन, आणि खाली ईमेल. कशाला? दाढ ठणकणारा माणूस मेल लिहीत बसणार आहे का? मी तो टाकतच नाही. गिऱ्हाईक भांडतं, भांडू दे. पण शिक्क्याचं एक वेळ सोडा, कागद आहे, कागद माणसंच वाचतात. खुल्या गटात काय होतं माहीत आहे? तुम्ही लिफ्टचं काम करता म्हणालात ना, मग लिफ्टवाल्यांचा एखादा गट असेलच की इंटरनेटवर — मोटर जळली, दार अडकतंय, जुना पार्ट कुणाकडे आहे का — असं विचारत असाल. असाल ना? आणि शेवटी काय लिहिता? 'कृपया या पत्त्यावर कळवावे', आणि पुढे पत्ता, जसाच्या तसा, उघडा. वाटलंच मला. हाताला ग्रीस लागलं तर चारदा पुसत असाल, आणि स्वतःचा पत्ता मात्र चव्हाट्यावर मांडून निवांत घरी जाता. अहो, तिथं माणसं वाचतात चार आणि यंत्रं वाचतात चार हजार. ती पानामागून पान चाळतात, त्यांना तुमच्या मोटरशी काही देणंघेणं नाही, मधलं ते वेटोळं चिन्ह दिसलं की त्याच्या मागचंपुढचं उचलायचं आणि पोत्यात टाकायचं. ते पोतं पुढे विकलं जातं. मग पंधरा दिवसांत तुम्हाला लॉटरी लागते, केस उगवायचं तेल येतं, कुठल्या तरी देशातल्या विधवेला तिची सगळी इस्टेट तुमच्याच नावावर करायची असते. हसू नका, मी गंमत करत नाहीये.

आमचा गट शिक्केवाल्यांचा — रबर, छापखान्यातली जुनी खिळ्यांची अक्षरं, शाई, एवढ्याच गोष्टी. गटाच्या पत्त्यावर मेल पाठवला की त्याची पोस्ट होते, आणि ती कुणालाही येऊन वाचता येते. सहाशे माणसं आहेत, त्यातली निम्मी माझ्या आधी जातील अशा वयाची. अकरा वर्षं मी गटचालक आहे. माझ्या पाठीमागं सगळे मला चाळणी म्हणतात — म्हणू दे, मला आवडतं. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय तिथं एक ओळ बाहेर पडत नाही. पत्ता द्यायचाच असेल तर अक्षरांत लिहा, वेटोळ्याच्या जागी 'ॲट' लिहा, टिंबाच्या जागी 'टिंब' लिहा — माणसाला कळतं, यंत्र बहुतेक वेळा फसतं. नाहीतर कागदावर लिहा आणि त्या कागदाचा फोटो टाका. दुसऱ्याला उत्तर देताना त्याची अख्खी पोस्ट खाली चिकटवू नका, तिच्यात त्याचा पत्ता असतो, तुमच्या आळसापायी तो मरतो. सहीखाली फोन नंबर नको. आणि एवढं करून कचरा आलाच, तर खाली ते 'मला पुन्हा पाठवू नका' असं बटण असतं ना, त्याला हात लावायचा नाही. तुम्ही ते दाबलंत की त्यांना कळतं, इथं जिवंत माणूस बसलाय, मग दसपट येतं. गप्प राहायचं. आपण इथं नाहीच असं दाखवायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, हवं तर लिहून घ्या.

आणि नाही ऐकलं कुणी तर? तुम्ही आता घरचे, म्हणून सांगतो. एक बुकबाइंडर होता आमच्यात, स्वतःला फार विनोदी समजायचा. मी त्याची पोस्ट तीनदा परत पाठवली, उघडा पत्ता काढ म्हणून, तर त्यानं शेजारच्या एका गटात लिहिलं — चाळणीला भोकं असतात एवढं चाळणीनं विसरू नये. आमचे निम्मे लोक त्या गटात आहेत. सगळे हसले. मी त्याचा पत्ता घेतला आणि तीस खुल्या गटांत टाकला, उघडा — गाड्या, कुत्री, वजन कमी करणं, जिथं जिथं जमेल तिथं. महिन्याभरात त्याच्याकडे दिवसाला पाचशे येऊ लागले. त्याची कामंही त्याच पत्त्यावर यायची, ती बुडाली त्यात. मग मलाच लिहितो, आता काय करू म्हणून! मी त्याला आमचे नियम पाठवले, पहिल्यापासून. — असं काय बघताय? असेन दुष्ट. पण त्यानंतर आमच्या गटात कुणी उघडा पत्ता टाकलेला नाही.

माझं बघा ना, मी स्वतः कसा राहतो. माझ्या नावाची स्वतःची जागा घेतलीय मी इंटरनेटवर, तिच्यात हवे तेवढे पत्ते काढता येतात. म्हणून प्रत्येकाला वेगळा पत्ता देतो मी. शाईवाल्याला एक, बँकेला एक, सख्ख्या भावाला एक, बायकोला एक — हो, बायकोलासुद्धा, त्यात लाजायचं काय? ज्याचा पत्ता त्याच्यापाशी. मग एखाद्या पत्त्यावर कचरा आला की कुणी फोडला हे विचारत हिंडायला नको, त्याच्यावर नावच असतं. आणि फुटला तो पत्ता बंद. दुसरा मिळत नाही. भावानं कसल्या तरी बक्षिसाच्या फॉर्मात माझा पत्ता भरला — बंद. रडला, माफी मागितली, वहिनीनं मध्ये पडून पाहिलं, बंद म्हणजे बंद. आता तो कसा आहे, कुठं आहे, मला माहीत नाही. बायकोचा मात्र अजून चालू आहे. सहा वर्षं झाली तिला जाऊन, पण आजवर कचऱ्याचा एक कपटा आलेला नाही त्यावर. असं असावं माणसानं.

आणि एक तुमच्या बायकोचा. टकळी. तुम्हाला सांगितलंय का तिनं, घरात तिला टकळी म्हणायचो ते? नाही? सांगितलं नसणार. सकाळी डोळा उघडला की जी तोंडाची टकळी सुरू व्हायची ती झोपेतसुद्धा थांबत नसे. शाळेतून आली की ह्याच काउंटरवर चढून बसायची, तुम्ही फोन ठेवलाय ना, तिथंच, आणि शिक्क्यांवरची उलटी अक्षरं मोठ्यांदा वाचायची. गिऱ्हाइकांची नावं उलटी करून त्यांनाच हाका मारायची. लोक पोट धरून हसायचे. मी ओरडायचो, शिक्का वाकडा कापला जातो म्हणून. तर तिचा पत्ता त्या नावाचा. जगात दोघांनाच माहीत, तिला आणि मला. नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा चिठ्ठीवर लिहून हातात दिला, म्हटलं, हा कुणालाही द्यायचा नाही. आणि तीन वर्षांपूर्वी, मी ऑपरेशन होऊन दवाखान्यातून घरी आलो त्याच्या अकराव्या दिवशी, टकळीवर केसांचं तेल आलं. दुसऱ्या दिवशी लॉटरी. आठवड्यात दोनशे. आता तुम्हीच सांगा — दोघांनाच माहीत, मी दिला नाही, मग राहिलं कोण? मी तिला एक ओळ लिहिली, तू फोडलास, कबूल कर. ती म्हणाली, नाही बाबा. नऊ दिवस माझ्या उशाशी बसलेली मुलगी, तोंडावर खोटं बोलते! कबूल केलं असतं तर एक वेळ नवा पत्ता दिलाही असता. नाही म्हणजे नाहीच म्हणत राहिली. मग बंद. फोनवर तिचा नंबर अडवला. आली होती दोनदा, हो, आली होती, मी कुठं नाही म्हणतोय? मी आतून शटर ओढलं. तर बाहेर उभी राहून, शटरला तोंड लावून अर्धा तास बोलत होती. येणारेजाणारे बघत होते. टकळीच ती.

आवाज कसा आहे आता तिचा? काही नाही, सहज विचारलं. घोगरा? जाडसर असेल. नोव्हेंबरपासून बसलाय म्हणजे तसाच होणार. — मला कसं माहीत म्हणजे? तुम्हीच म्हणालात की आत्ता, नोव्हेंबर. नाही म्हणालात?

बरं, मग ऐका. बंद पत्ता म्हणजे अगदीच बंद नसतो. त्यावर जे येतं ते एका खोक्यात जाऊन पडतं, त्या खोक्याला मी उकिरडा नाव दिलंय. आणि उकिरडा रोज बघावा लागतो — गटचालक आहे मी, कचऱ्याची नवी नवी सोंगं मला कळायला हवीत, कामाचाच भाग आहे तो. तर त्यात त्या तेलांच्या आणि लॉटऱ्यांच्या मध्ये तिची येतात. एकशे बारा. मोजली नाहीत मी, आकडा दिसतो बाजूला. वाचतो, हो. रोज सकाळी, शटर उघडायच्या आधी, चहा घेता घेता. लग्न केल्याचं वाचलं. त्याच्या आधीचंही वाचलं — लिफ्टमध्ये चौघं अडकले होते, तुम्ही वरून दार उघडलंत, बाकीचे तिघं धडपडत बाहेर आले आणि ही मात्र आत बसूनच तुम्हाला विचारत राहिली, ही तार कसली, ते चाक कशाला. आवडलं मला ते. दोनदा वाचलं. मग घसा बसल्याचं वाचलं, तुकडा काढून तपासायला पाठवल्याचं वाचलं, तपासणीत काय निघालं तेही वाचलं. उत्तर? उत्तर कसं देणार? उत्तर दिलं की कळतं ना, इथं जिवंत माणूस बसलाय. मघाशी सांगितलं नाही का तुम्हाला?

काय पाठवत होती? आवाज? — हां, ते. घसा पुरता जायच्या आधी तिनं स्वतःचं बोलणं फोनमध्ये भरून भरून पाठवलं होतं, माहीत आहे. ऐकलं का म्हणता? जोडून आलेलं मी उघडत नाही. उघडत नाही म्हणजे, उघडता येतच नाही — उकिरड्यात जे पडतं त्याला जोडलेलं सगळं आपोआप गळून जातं, मीच तशी सोय करून ठेवलीय, परत आणता येत नाही. नुसती नावं उरतात. 'बाबांसाठी एक'. 'बाबांसाठी दोन'. एकोणीसपर्यंत आहेत. सोय चांगली आहे ती. मशिनला रोग लागत नाही.

या बाई, या, झालाय तुमचा शिक्का, दांडी चिकटायला पाच मिनिटं द्या — बरं, घाई असेल तर न्या असाच, फक्त दुपारपर्यंत जोर लावू नका म्हणावं. ईमेल नाही टाकला. नाही टाकला म्हणजे नाही टाकला, डॉक्टरांना म्हणावं तुम्ही दात बघा. फोन? मी उचलला नाही? किती वेळा केलात? एकदाच ना? मग! बाई, पहिली रिंग मी कुणाचीच उचलत नाही, किती वर्षं येताय तुम्ही इथं, अजून माहीत नाही? यंत्र एकदा करतं आणि पुढच्या नंबराकडे जातं. माणसाला खरंच काम असेल तर तो पुन्हा करतो. दुसऱ्यांदा वाजला की उचलतो मी, माझ्या ह्या नियमानं आजवर दगा दिलेला नाही. — हे? हे कुणी नाहीत. लिफ्टवाले आहेत, काही विचारायला आलेत. या. दार लोटून घ्या.

मग काय सांगायला हवं होतं त्यांना? जावई म्हणून? पत्रिका नाही, बोलावणं नाही — म्हणजे, बोलावणं होतं, उकिरड्यात होतं, पण आम्ही काही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तुम्हीही खरं म्हणजे इथं कशाला बसलाय? तुम्ही तिच्याजवळ हवं. कुठं ठेवलंय तिला? — इथंच? इथं, मी होतो त्याच दवाखान्यात? चौकापलीकडे? मला वाटलं तुमच्या गावी. तिनं मुद्दाम हा निवडला का? म्हणजे चालत दहा मिनिटं. नाही, मी कसा येणार, दुकान कोण बघणार? साडेअकराला पाटीवाला येणार आहे, बाराला वकिलांचा माणूस. फोन येतोय ना, मग झालं तर. दहा पन्नास झालेत.

आता खिशातून काय काढताय? कागद कसला? थांबा, चष्मा — असा नाही, उजेडात धरा. 'शाई पसरते तेव्हा दोष शाईचा नसून रबराच्या मऊपणाचा' — ही माझीच पोस्ट आहे. माझंच वाक्य. गटातली आहे ही, जुनी. तुमच्याकडे कुठून आली? हे पान तर मी काढून टाकलं होतं —

म्हणजे तसं नाही. गटचालकाला जुनी पानं साफ करावीच लागतात. वर्षभराचा गाळ साठतो.

तिनं छापून ठेवलं होतं? केव्हा? — तेव्हाच? म्हणजे मी तिला खोटारडी म्हणत होतो तेव्हा हा कागद तिच्याजवळ होता? शटरबाहेर उभी होती तेव्हाही? मग दाखवला का नाही? फटीतून सरकवता आला असता की आत! काय म्हणाली? — 'बाबांना लाज वाटेल.' असं म्हणाली ती? आजही देऊ नका म्हणाली, आणि तुम्ही तिला न सांगता आणलात. हुशार आहात. लाज वाटतेय का ते बघायला आलात. बघा. नीट बघून घ्या.

काय झालं ते मला सांगता तुम्ही? मला पाठ आहे ते. दवाखान्यात चौथ्या दिवशी मला उठून बसवलं. मी कुणाशी बोलत नव्हतो, जेवत नव्हतो, म्हणून हिनं गटातला एक प्रश्न टकळीवर मला पाठवला — बाबा, एक जण विचारतोय, शाई का पसरते, त्याला तुमच्याशिवाय कोण सांगणार? आणि माझा मेल उघडायला स्वतःचा लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. मी उत्तर लिहिलं. चांगलं लिहिलं, सगळ्यांनी वाखाणलं. फक्त नवीन पोस्ट न काढता तिच्याच मेलला उत्तर दाबलं आणि वर गटाचा पत्ता घातला. प्रश्न ज्या पत्त्यावर येतो त्याच पत्त्यावरून उत्तर जातं, एवढं लिफ्टवाल्यालाही कळेल. गेलं. पाठवणारा — हे बघा, वरच लिहिलंय — टकळी, वेटोळं, आणि पुढे माझं नाव. उघडं. साऱ्या जगासमोर. आणि गटचालकाची पोस्ट कुणी तपासत नाही, ती थेट जाते. सहाशे माणसांना अकरा वर्षं शहाणपण शिकवणारी चाळणी, आणि तिनं स्वतःच स्वतःच्या मुलीचा पत्ता फोडला. दोन वर्षं झाली मला हे सापडून. सकाळची वेळ होती, मी हसलो आधी. मग पान काढून टाकलं.

मग उघडला का नाही पत्ता — तुम्हाला सोपं आहे विचारायला. काय लिहू तिला? वर्षभर खोटारडी म्हटलं होतं मी तिला. वर्षभर! आणि भावाला काय सांगू मग? त्या बुकबाइंडरला? फुटला तो पत्ता बंद, असा माझा नियम आहे, कुणी फोडला ते त्यात कुठं आहे? स्वतःला एकदा सूट दिली की झालं, मग उरतं काय माणसाजवळ? आणि तिची पत्रं येत होतीच ना. रोज नाही, पण येत होती. मला वाटलं, येतायत तोवर बरं आहे. मी काही न करताही येतायत. द्या तो कागद. काही नाही करत, द्या इकडे. — हा बघा, शिक्का मारला. 'रद्द'. माझ्याच हातचा शिक्का आहे, अक्षर बघा कसं उठलंय. घ्या परत, खिशात ठेवा. वाळू द्या आधी.

वाजतोय.

हात मागे घ्या. हात मागे घ्या म्हणतो ना! तुम्हाला काय बजावलंय तिनं? बाबांनीच उचलायचा. मग बाबा बघून घेतील. उचलणार आहे मी, कोण म्हणतं उचलणार नाही? दुसऱ्यांदा आला की उचलतो. — एकदाच करू देणार म्हणजे? कोण म्हणालं, नर्स? नर्सा तसंच म्हणतात, मी नऊ दिवस काढलेत तिथं, मला सांगू नका. माझे हात बघा, शाईनं भरलेत, पुसू तर द्याल की नाही? बोळा कुठं गेला? आणि बोलायचं काय तेही ठरवायला नको का, एकदम काय हॅलो म्हणू? तीन वर्षांनी? सहा. सात रिंगा वाजल्या. चिवट आहे, नाही? लहानपणापासून तशीच. नाव काय दिसतंय तिथं, तुम्ही काय नावानं ठेवलंय तिला — टकळी? तुम्हाला ठाऊक होतं तर. मघाशी नाही म्हणालात ना मला? सांगू दिलंत सगळं. ओढू नका तो, माझ्या हाताखाली आहे, आता उचलायचा नाही, आता मध्येच उचलला तर —

थांबला.

पाहिलंत? आता करेल पुन्हा. एक मिनिट जातं मध्ये, नंबर लावायला वेळ लागतो. हात पुसून झालेत माझे. ही खुर्ची इकडे घेतो मी. हं. अकरा दोन.

तुम्ही लावताय? लावा, लावा. मला द्या, मी लावतो — कसं लावायचं ह्यावर? लागला? काय म्हणते बाई ती, बंद आहे? नीट ऐका, व्यस्त म्हणत असेल, ती इकडे लावत असेल, तुम्ही तिकडे लावताय म्हणून. ठेवा, ठेवा, मोकळा ठेवा फोन. बंदच म्हणते? मग काढून घेतला असेल हातातून. देतील परत. ती काय ऐकणारी आहे का कुणाचं? बंद शटरशी अर्धा तास बोललेली मुलगी आहे ती. मागेल, भांडेल, घेईल. अकरा पाच. सव्वाअकराला नेणार म्हणालात ना, मग अजून दहा मिनिटं आहेत की. खरंच काम असलं की माणूस पुन्हा करतो हो. करतोच. नियमानं आजवर दगा दिलेला नाही.

निघालात? जा, जा, तिथं कुणी तरी हवं. पळत गेलात तर गाठाल. मला काय खूण करताय, मी नाही येणार, मी इथून उठलो आणि तेवढ्यात वाजला तर? जा तुम्ही. आणि तो कुठं नेताय? नाही, तो नाही. अहो, जावईबापू — फोन राहू द्या इथं.